हनुवटीचे सहा मिलिमीटर

विसाव्या वर्षी मी दाढी ठेवली, ती हनुवटी झाकायला. साताऱ्याला शाळेत मला ‘राघू’ म्हणायचे. बाजूने पाहिलं तर नाक पुढे, आणि खालच्या ओठापासून चेहरा थेट गळ्याकडे उतरलेला. समोरून पाहणाऱ्याला फारसं काही कळायचं नाही, म्हणून मी कायम लोकांच्या समोरासमोर बसायला शिकलो. मीटिंगमध्ये टेबलाच्या टोकाची खुर्ची गाठायची, लग्नात फोटोवाला बाजूला आला की मान वळवायची, केस कापताना न्हाव्याने मागचा आरसा धरला की डोळे खाली घालायचे. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही येत नाही, पण ज्याचं त्याला ते दिवसभर पुरतं.

तेहेतिसाव्या वर्षी मी हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवून घेतलं. या ऑपरेशनला जिनिओप्लास्टी म्हणतात. ऑपरेशन दीड तासाचं होतं, ठरवायला मात्र चौदा महिने गेले. मला सांगायचंय ते मुख्यतः त्या चौदा महिन्यांबद्दल. आधीचे आणि नंतरचे फोटो कुठेही सापडतात. निर्णय घेताना माणूस काय काय तोलतो, ते मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं.

माझ्या बाबतीत तोलायची एक जास्तीची गोष्ट होती. मी बासरी वाजवतो. नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करण्याची आहे, पण गेली अकरा वर्षं दर गुरुवारी आणि रविवारी गुरुजींकडे शिकायला जातो. आणि बासरी टेकते ती नेमकी खालच्या ओठाखाली, म्हणजे ज्या जागेवर सर्जन सुरी चालवणार होता तिथेच.

पहिल्यांदा मी गेलो ते पुण्यातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये. डॉक्टरांच्या आधी एक समुपदेशक मुलगी भेटली. तिने मोबाईलवर माझा बाजूने फोटो काढला, त्यावर बोटाने रेघ ओढली आणि म्हणाली, “सर, हनुवटीला दोन सिरिंज, कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यांना एकेक. लंच ब्रेकमध्ये करून जातात लोक.” ती बोलत होती फिलरबद्दल. हायलुरॉनिक ॲसिडची जेल असते, सुईने भरतात, वर्ष-दीड वर्षात ती हळूहळू विरते, मग पुन्हा भरायची. धोका काय म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, “थोडी सूज येते, बस.” ही जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर तिथली कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते, आणि तसं झालं तर ती विरघळवणारं हायलुरोनिडेजचं इंजेक्शन त्याच क्षणी हाताशी लागतं, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. त्या क्लिनिकमध्ये ते होतं की नाही, हे विचारायचं तेव्हा मला सुचलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर दिवाळी ऑफरचे मेसेज सुरू झाले.

फिलरला मी नकार दिला तो धोक्यामुळे नाही. दर वर्ष-दीड वर्षाने परत जायचं म्हणजे हनुवटीचा विषय आयुष्यातून कधी जाणारच नाही. मला तो संपवायचा होता.

त्यानंतर मी दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो. ही सूचना माझ्या ताईची. ती फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणाली, “हनुवटी मागे आहे की अख्खा जबडा मागे आहे, ते आधी बघून घे.” ताईचा हा एक सल्ला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

त्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा मला भिंतीपाशी उभं केलं आणि पाच-सहा फुटांवरून साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला. मग माझ्या मोबाईलमधला, हात लांब करून काढलेला सेल्फी शेजारी ठेवला. दोन फोटोंतला माणूस वेगळा वाटावा इतका फरक होता. मोबाईल चेहऱ्याजवळ असला की नाक फुगतं आणि बाकीचं मागे पडतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ साली त्याचं गणित मांडलं होतं. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. इतकी वर्षं मी माझा चेहरा ज्या फोटोंवरून जोखत होतो ते फोटोच चुकीचे होते. तरीही योग्य फोटोतसुद्धा हनुवटी मागेच होती. फक्त माझ्या मनात होती तेवढी नव्हती.

मग डोक्याचा बाजूने एक्स-रे झाला. त्यावर बाईंनी रेघा आखल्या, कोन मोजले, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण माझ्या ऑफिसचं कामही हेच. त्यांनी सांगितलं, “तुमचे वरचे-खालचे दात नीट बसतात. जबडा जागेवर आहे. फक्त पुढचं टोक आखूड आहे.” जबडाच मागे असता तर सगळी गोष्ट वेगळी झाली असती. आधी बारा ते अठरा महिने तारा, मग दोन्ही बाजूंनी जबड्याचं हाड चिरून तो अख्खा पुढे घेणं, नंतर पुन्हा काही महिने तारा. अशा लोकांना घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचाही त्रास असू शकतो. त्यांची नुसती हनुवटी पुढे आणली तर चेहरा बरा दिसतो, मूळ दुखणं तसंच राहतं. कुणी हा विचार करत असेल तर त्याने त्या एक्स-रेशिवाय एकही पैसा खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

सर्जन भेटले ते मॅक्सिलोफेशियल, म्हणजे आधी डेंटल आणि मग जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले. त्यांनी दोन रस्ते समोर ठेवले. एक, सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र प्लास्टिकचा तुकडा हनुवटीवर बसवायचा. ऑपरेशन लहान, पण तो तुकडा परकाच. जंतुसंसर्ग झाला तर काढावा लागतो, कधी सरकतो, कधी त्याच्या दाबाने खालचं हाड झिजतं. दुसरा, स्वतःचंच हाड आडवं कापून पुढे सरकवायचं आणि टायटॅनियमच्या पट्टीने बसवायचं. हे काही कालपरवाचं तंत्र नाही. तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर व्रण न ठेवता हे करायची पद्धत हुगो ओब्वेगेझर यांनी १९५७ साली मांडली, आणि आजही बाहेर टाका दिसत नाही तो त्यामुळेच. माझं माप ठरलं सहा मिलिमीटर.

सहा मिलिमीटर म्हणजे किती, ते मी ऑफिसात व्हर्नियर उघडून बघितलं. साध्या शिसपेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी मी हाड कापायला निघालो होतो.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन स्क्रीनवर फिरवून दाखवला. खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंनी एकेक नस जाते आणि हनुवटीजवळ, दाढांच्या अलीकडे, एका बारीक छिद्रातून बाहेर येते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्यावर. बाहेर पडण्याआधी ती थोडी खाली वळसा घेते, म्हणून हाडाचा काप त्या छिद्राच्या निदान पाच-सहा मिलिमीटर खाली घ्यावा लागतो. मी पेन काढून स्क्रीनवरचं अंतर मोजायला लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे पट्टी पुढे केली.

धोके त्यांनी एकेक करून सांगितले, घाई केली नाही. भूल. रक्तस्राव, क्वचित जिभेखाली रक्त साठून श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून पहिली रात्र हॉस्पिटलमध्येच. संसर्ग. खालच्या पुढच्या दातांच्या मुळांना इजा. काप जिथे संपतो तिथे जबड्याच्या कडेला बोटाला लागणारी खाच. हनुवटीचा स्नायू नीट परत शिवला नाही तर मांस लोंबतं आणि खालचे दात जास्त दिसू लागतात. आणि बधिरपणा. तो जवळजवळ सगळ्यांना येतो, बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, काहींचा थोडाफार कायम राहतो. “तुमचा कुठल्या गटात जाईल हे मी आज सांगू शकत नाही,” असं ते म्हणाले. त्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मी बासरीचं सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, “मग तुम्ही नीट विचार करूनच या.”

दुसरं मत घ्यायला मी मुंबईला एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, दिवसातून किती वेळ आरशात बघता, लोकांकडे जाणं टाळता का, आणि ऑपरेशननंतर आयुष्यात काय बदलेल असं वाटतं. मी म्हटलं, “दाढी काढीन.” एवढंच. त्यांनी सांगितलं की काही माणसांना लहानशी खोट दिवसभर छळते, त्यांना ऑपरेशनने समाधान मिळत नाही, एक झालं की दुसरं शोधतात, आणि अशांना आधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. मी त्या रेषेपासून फार लांब नव्हतो असं मला आजही वाटतं. हा प्रश्न पहिल्या क्लिनिकमध्ये कुणीही विचारला नव्हता. हल्ली पंधरा-सोळा वर्षांची मुलं रील बघून जॉलाइनच्या मागे लागलेली दिसतात, त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते ती यासाठीच. त्यांचं हाड अजून वाढायचं असतं. आणि सुंदर जबडा कशाला म्हणायचं तेही जागेप्रमाणे बदलतं. दक्षिण कोरियात कित्येक जण जबड्याचे कोपरे कापून चेहरा निमुळता करून घेतात, इकडे तेच कोपरे फिलर भरून उठवतात.

आता गुरुजींची गोष्ट. त्यांना मी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी बासरी मांडीवर ठेवली आणि विचारलं, “अरे, ओठ हलणार नाही असं म्हणतायत, की कळणार नाही असं म्हणतायत?” मला नेमकं उत्तर देता आलं नाही. सर्जनला फोन करून विचारलं. ओठ हलवणारी नस वेगळी, चेहऱ्याच्या बाजूने येणारी, तिला या ऑपरेशनमध्ये फारसा धोका नाही. जाते ती संवेदना. गुरुजी म्हणाले, “मग एकदा न कळता वाजवून बघ.”

ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. माझी खालची डावी अक्कलदाढेच्या पुढची दाढ किडलेली होती आणि भरायची राहिली होती. खालच्या दाढेसाठी देतात ते इंजेक्शन नेमकं त्याच नसेला बधिर करतं, अर्धा ओठ आणि अर्धी हनुवटी. मी मुद्दाम शनिवारची सकाळची वेळ घेतली. दाढ भरून झाली आणि रिक्षाने थेट घरी आलो. ओठ चावला जाऊ नये म्हणून तोंडात काही घालायचं नव्हतं. पांढरी तीन पट्टीची बासरी काढली आणि बसलो.

पहिल्या फुंकरीला नुसती हवा. दुसऱ्यालाही. बासरी ओठाला टेकली आहे हे उजवीकडे कळत होतं आणि मधल्या रेषेपाशी ते एकदम संपत होतं, जणू तिथून पुढे बासरीच नव्हती. मी आरशासमोर गेलो. आरशात बघितल्यावर कळलं की मुखरंध्र डावीकडे जवळजवळ बोटभर कलंडलंय. हाताने सरळ केलं आणि मध्य सप्तकाचा सा लागला. चांगला लागला. मी पंचमापर्यंत गेलो, परत आलो, तार सप्तकही लागलं. पण मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरलो की सूर फाटायचा. मंद्राला ओठ अगदी सैल लागतो, आणि किती सैल हे हात सांगू शकत नाही, ओठच सांगतो. दोन तास मी तसाच बसलो होतो. बायकोने दारातून दोनदा डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेली. दुपारी साडेतीनला ओठाला मुंग्या यायला लागल्या, चारला मंद्र पंचम परत मिळाला.

त्या दिवशी मला कळलं की सगळ्यात वाईट झालं तर काय होईल. दोन्ही बाजू कायमच्या बधिर झाल्या तर बासरी सुटणार नाही, पण मंद्र सप्तक जाईल. एक बाजू थोडी गेली तर आरसा लागेल, मेहनत लागेल, चालून जाईल. कुठल्याही आकड्याने मला हे सांगितलं नसतं. कुणी गाणारा असेल, कुणी सनई वाजवणारा, कुणी चव घेण्यावर पोट असलेला आचारी; प्रत्येकाच्या ओठाचं काम वेगळं. आपलं काम बधिर ओठाने एकदा करून बघावं, एवढं मी आता विचारणाऱ्याला आवर्जून सांगतो. अर्थात दाढ खरंच भरायची असेल तरच.

घरच्यांचं सांगायचं तर बायको म्हणाली, “तुझा चेहरा आहे, तू ठरव. मला आहे तो आवडतो.” आईला भुलीची भीती. बाबा काही बोललेच नाहीत. साताऱ्याच्या घरात आजोबांचा एक जुना फोटो आहे, टोपी घातलेला, थोडा बाजूने काढलेला. तीच हनुवटी. बाबांचीही तीच. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, “फार वाईट दिसते का रे?” मी त्यांना नाही म्हणालो. ते खरं होतं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर ती मला कधीच खटकली नाही. पण फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही, आणि हा धोका कुठल्याच संमतीपत्रात लिहिलेला नसतो.

पैशाचं थोडक्यात. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. पॉलिसीत तसं कलमच असतं. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात नसेल तर अशा शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. मला सगळं मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास खर्च आला. ते पैसे मी साठवलेले होते. कर्ज काढून मी हे केलं नसतं.

सर्जनला मी तीन गोष्टी विचारल्या: काप तुम्ही स्वतः घेणार की शिकाऊ डॉक्टर, रात्री वॉर्डात कोण असणार, आणि न आवडल्यास पट्टी काढून मागे नेता येतं का. तिन्ही उत्तरं स्पष्ट मिळाली. तिसऱ्याचं उत्तर होतं, “येतं, पण दुसरं ऑपरेशन म्हणजे नसेला दुसऱ्यांदा धोका.” मग मी तारीख घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी तेरा वर्षांत पहिल्यांदा दाढी उतरवली. हॉस्पिटलच्या बेसिनपाशी उभा राहून मी तो चेहरा शेवटचा नीट बघितला.

भूल नाकातून नळी घालून दिली होती, तोंड मोकळं राहावं म्हणून. जाग आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा, हनुवटीवर चिकटपट्ट्यांचा घट्ट पट्टा आणि तोंडात रक्ताची चव. ताई रात्रभर शेजारी बसून बर्फाच्या पिशव्या बदलत होती. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त चढली. त्या दिवशी आरशात जो माणूस दिसला तो ना जुना होता ना नवा, आणि मला पहिल्यांदा खरा पश्चात्ताप झाला. काळानिळा रंग गळ्यावरून छातीपर्यंत उतरला, मग पिवळा पडला. दहा दिवस ताक, भाताची पेज, नाचणीची आंबील, गाळलेलं वरण. स्ट्रॉने ओढायला मनाई होती. चहा प्यायलो की हनुवटीवरून ओघळायचा आणि तो बायकोने रुमाल पुढे केल्यावर मला कळायचा.

बासरीला सहा आठवडे बंदी. त्या काळात मी एक काम नेमाने केलं. दर रविवारी डोळे मिटून कापसाच्या वातीने हनुवटीवर स्पर्श करायला बायकोला सांगायचो, जिथे कळत नाही तिथे ती बॉलपेनने ठिपका द्यायची. ठिपके जोडून रेघ ओढायची आणि फोटो काढायचा. पहिल्या रविवारी रेघ दोन्ही ओठकोपऱ्यांपासून हनुवटीच्या टोकापर्यंत होती. पाचव्या आठवड्यात मुंग्या सुरू झाल्या, रात्री झोप मोडेल इतक्या. उजवी बाजू चौथ्या महिन्यात पूर्ण परत आली. डावीकडची रेघ आकसत आकसत रुपयाच्या नाण्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. आज सतरा महिने झाले. तिथे हात लावला तर जाड कापडावरून लावल्यासारखं वाटतं.

मिळालं काय, तेही तितकंच खरं सांगतो. मी दाढी पुन्हा ठेवली नाही. मीटिंगमध्ये कुठली खुर्ची घेतली हे आता माझ्या लक्षात राहत नाही. ऑफिसात दोघांनी विचारलं, “बारीक झालास का?” बाकी कुणाला काही कळलंही नाही, आणि त्याचा मला आनंद झाला. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरं दिसतंय.” मग जेवायला वाढायला सांगितलं.

मागच्या गुरुवारी गुरुजींनी यमन घ्यायला सांगितला. मी आरसा समोर ठेवून बसतो, त्यात बघून मुखरंध्र लावून घेतो आणि मग डोळे मिटतो. मंद्र निषादावर थांबलो. मला सूर भरलेला वाटत होता. गुरुजींनी डोळे न उघडता डावा हात वर केला आणि म्हणाले, “डावीकडून हवा सुटतेय.” मी बासरी सुताभर उजवीकडे फिरवली आणि पुन्हा निषाद लावला.